सहा गोळ्या जास्त

हार्ट अटॅकनंतर मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर सगळं लिहिलेलं होतं. मीठ किती, तेल किती, कुठली गोळी जेवणाआधी, कुठली झोपताना, किती आठवडे वजन उचलायचं नाही, रोज किती चालायचं, परत दाखवायला कधी यायचं. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या गोळीभोवती नर्सबाईंनी लाल पेनाने गोल केला होता. एकूण तीन पानं. त्या तीन पानांत मनाबद्दल एक ओळ नव्हती. दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी माझा जीव वाचवला, ते उपकार आहेतच. पण पुढच्या सहा महिन्यांत माझं जे झालं त्याबद्दल कुणीतरी आधी एक शब्द बोलायला हवा होता, असं मला आजही वाटतं. म्हणून हे लिहितोय.

मी टर्नर आहे, लेथ मशीनवर धातू कातणारा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं तीन लेथचं वर्कशॉप आहे, वडिलांनी घातलेलं. फौंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही बोअर आणि फेसिंग मारून, म्हणजे भोक आणि तोंड कातून, परत देतो. राहायला शिवाजी पेठेत. अंगात रग होती तेव्हा चार वर्षं तालमीत काढली. वय ५३. नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळी होऊन तीन-चार दिवस झाले असतील, सकाळी शॉपमध्ये जॉब चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, धरत असताना घाम फुटला आणि डावा जबडा दुखायला लागला. पित्त असेल म्हणून मी सोडा मागवला. पुतण्याने सोड्याची वाट न बघता मला रिक्षात कोंबलं. डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. एक स्टेंट पडला, रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी. पाचव्या दिवशी घरी.

घरी आल्यावर सगळे मला जपायला लागले. त्या जपण्यात खोट नव्हती, हे आधी सांगतो. बुधवार-रविवारचं मटण बंद झालं, माझ्या एकट्यापुरतं नव्हे, सगळ्या घराचं. मुलगा हाताला चव असलेला गडी, पांढरा रस्सा तोच करायचा. त्याने आपणहून पातेलं माळ्यावर टाकलं. मी ताटावर बसलो की चौघं जण माझ्या ताटाकडे बघायचे. वरच्या मजल्यावर झोपायची खोली होती, ती खाली आणली. टीव्हीचा आवाज कमी झाला. भांडणंसुद्धा बंद झाली. आमच्या घरात इतकी शांतता कधीच नव्हती, आणि ती माझ्यामुळे आली होती.

वर्कशॉपला सहा आठवड्यांनी गेलो. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, फक्त जड उचलू नका म्हणाले होते. मी अर्धा किलोचं कास्टिंग हातात घेतलं तर पुतण्या धावत आला. “तात्या, ठेवा ते. आमी हाय की.” दुसऱ्या दिवशी मला खुर्ची आणली होती. नवी, गादीची. ऑफिसच्या दाराशी ठेवलेली. त्या खुर्चीत बसून मी दुसऱ्यांचे हात चालताना बघत होतो. आठवडाभराने जायचं बंद केलं. कुणी विचारलं नाही, कारण मी विश्रांती घेतोय असंच सगळ्यांना वाटलं.

आता रात्रीचं सांगतो. लेथच्या हेडस्टॉकमधलं, म्हणजे चक फिरवणाऱ्या डोक्यातलं, बेअरिंग जायला लागलं की ते आधी आवाज देतं. नुसत्या कानाला तो कळत नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडस्टॉकला टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. चांगलं बेअरिंग सलग गुणगुणतं. खराब झालेलं मधेच खरखरतं. तीस वर्षं हे ऐकायची सवय. घरी आल्यावर मी तसंच स्वतःचं हृदय ऐकायला लागलो. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोका ऐकू येतो. एखादा ठोका मागे-पुढे पडला की मी उठून बसायचो, मनगटावर दोन बोटं ठेवायचो आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत मोजायचो. ६८. परत मोजायचो. ७०. अडीच वाजता, तीन वाजता, सव्वाचारला. मग गल्लीत दुधाच्या गाडीचा आवाज यायचा.

दिवसा भीती नसायची. दिवसा काहीच नसायचं. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. रंकाळा तलाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मी स्कूटर घेऊन निघायचो, शालिनी पॅलेसच्या बाजूला झाडाखाली लावायचो आणि स्कूटरवरच बसून राहायचो. माणसं चालताना दिसायची, कणसं भाजणारी बाई दिसायची, पाणी दिसायचं. पस्तीस मिनिटांनी घरी. “चालून आलो.” बायको म्हणायची, “बरं वाटतंय न्हवं?” मी म्हणायचो, हो. चाळिसाव्या दिवशी मावा, तंबाखू-सुपारीचा, परत सुरू केला. बारा वर्षांपूर्वी सोडलेला मावा.

लोक भेटायला यायचे. तालमीतले जुने सवंगडी यायचे. “काय हुतंय रं तुला, लाल मातीतला गडी तू!” “स्टेंट पडला म्हंजे इंजिन नवं झालं.” “मन घट्ट करायचं.” त्यांच्या पोटातली माया मला दिसत होती. पण मन घट्ट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कळत नव्हतं. चक सैल असेल तर किल्ली लावून आवळता येतो. इथे किल्ली कुठे लावायची ते कुणी सांगत नव्हतं. आणि मी पुरता खचलोय हे कबूल करायची लाज होती. जीव वाचलेल्या माणसाने रडायचं कशाला? माझ्याच शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला होता.

हंगाम सुरू झाला होता. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दहावीपासून आमच्या पेठेचा सामना मी चुकवलेला नाही. शाहू स्टेडियमवर ठरलेली जागा आहे, ठरलेले शेंगदाणे आहेत, ठरलेलं भांडण आहे. त्या वर्षी सामन्याच्या दिवशी पोरं सायलेन्सर काढलेल्या गाड्यांवरून ओरडत गेली आणि मी उठून खिडकी लावून घेतली. संध्याकाळी निकाल काय लागला ते विचारलंही नाही.

मार्चमध्ये बायकोने गोळ्यांची पाकिटं काढली. घरचा आणि शॉपचा हिशेब तीच बघते. दुधाचं, पेपरचं, मजुरीचं सगळं कॅलेंडरवर बारीक अक्षरात असतं. औषधाची पट्टी कधी आणली तेही तिने लिहून ठेवलं होतं. पंधराची पट्टी, तीन उरायला पाहिजे होत्या. नऊ होत्या. सहा गोळ्या जास्त. तिने दुसरी पट्टी बघितली, तीत चार जास्त. जास्त उरलेली पहिली होती क्लोपिडोग्रेल, स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ती. स्टेंटनंतर पहिलं वर्ष ती आणि ॲस्पिरिन मिळून बहुतेकांना घ्याव्याच लागतात, मधेच सोडल्या तर स्टेंट बंद पडू शकतो. दुसरी होती मेटोप्रोलॉल, ठोके आटोक्यात ठेवणारी. अंग गळून जातंय ते याच गोळीने, असं मीच ठरवून टाकलं होतं आणि दोन-दोन दिवस ती टाळत होतो. तीही अशी मनाने सोडायची नसते, छातीचं दुखणं उलटून येऊ शकतं, हे मला नंतर कळलं.

ती ओरडली नाही. पट्ट्या माझ्यासमोर चटईवर ठेवल्या आणि म्हणाली, “तुमास्नी जगायचं न्हाई काय?”

मला उत्तर आलं नाही. नाही म्हणावंसं वाटलं नाही आणि हो पण तोंडातून फुटेना. आम्ही दोघं त्या पट्ट्यांकडे बघत बसलो. मग तिने साडी बदलायचीही वाट न बघता, होत्या त्या कपड्यांवर, मला आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं.

हे आमचे पेठेतले फॅमिली डॉक्टर. सत्तरीला आलेत, माझ्या बापालाही तेच बघायचे. त्यांनी बीपी घेतलं, छाती तपासली, ईसीजी काढला. सगळं ठीक. मग स्टेथोस्कोप टेबलावर ठेवून दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही, आनंद वाटत नाही, असं होतंय का? उदास, हताश वाटतंय का? मी म्हणालो, “तसं काय न्हाई डॉक्टर.” ते थोडं थांबले. म्हणाले, “परवाची मॅच बघितलीस का?”

मी म्हणालो, नाही. आणि रडायला लागलो. त्यांच्या खोलीत, बायकोसमोर, कंपाउंडर दारात असताना. बाप गेला तेव्हा इतका रडलो नव्हतो.

त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. जायला दोन दिवस लावले मी. गल्लीतल्या कुणी बघितलं तर काय म्हणेल, हाच विचार. तिथे एक कागद दिला. नऊ प्रश्न. झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, स्वतःबद्दल कमीपणा वाटणं, असे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. मी मायक्रोमीटर धरणारा माणूस. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर जॉब पास-नापास होतो आमचा. आपल्या आत जे चाललंय त्याला आकडा लावता येतो, हे बघून मला त्या दिवशी पहिल्यांदा धीर आला. माझे १७ आले. दहा किंवा त्याच्या वर गेलं की उपचाराचा विचार करतात.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. त्यावर मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि १ लिहिलं. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी कागद हातात घेतला आणि आधी तोच प्रश्न काढला. स्वतःला काही करून घ्यायचं डोक्यात येतं का, काही ठरवलंय का, असं सरळ विचारलं. मी म्हणालो, करायचं असं नाही, पण त्या दिवशी रिक्षा उशिरा मिळाली असती तर बरं झालं असतं असं वाटतं. हे वाक्य मी कधीच कुणाला बोललो नव्हतो. बोलल्यावर बाईंचा चेहरा बदलला नाही, त्याने मला फार बरं वाटलं.

त्यांनी जे सांगितलं ते आणि नंतर भाचीला, ती फार्मसीला आहे, मागे लागून वाचून घेतलं ते, असं दोन्ही इथे मांडतो. हार्ट अटॅक आलेल्या साधारण पाचांतल्या एकाला खरोखरीचं, उपचार लागेल असं नैराश्य येतं. थोड्याफार उदासीवाले त्याहून कितीतरी जास्त. बायकांत आणि कमी वयात अटॅक आलेल्यांत याचं प्रमाण अधिक. बायकांचं वाचून मला माझी चुलत वहिनी आठवली. अँजिओप्लास्टीनंतर आठव्या दिवशी ती पोळपाट-लाटणं घेऊन बसली होती. तिला कोण काय विचारणार, आम्ही तर तिच्या हातचं जेवून आलो होतो.

हे नुसतं वाईट वाटणं नाही, त्याने हृदयालाही इजा होते. कॅनडात माँट्रियलच्या २२२ रुग्णांचा अभ्यास १९९३ साली छापून आला. अटॅकनंतर ज्यांना नैराश्य होतं त्यांना पुढच्या सहा महिन्यांत मरणाचा धोका जवळपास चौपट होता. २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की हृदयरुग्णांना ते दोन प्रश्न विचारा, आणि २०१४ मध्ये त्यांच्याच तज्ज्ञांनी अटॅकनंतरचं नैराश्य हा धोक्याचा घटक मानावा अशी शिफारस केली. म्हणजे माझ्या पंधरा वर्षं आधीपासून हे माहीत होतं. दोन प्रश्नांना एक मिनिट लागतं. माझी तक्रार ही एवढीच आहे.

कारणं दोन्हीकडून असतात. मन खचलं की शरीरातला ताणाचा रस वाढलेला राहतो, रक्तातल्या, गुठळी करणाऱ्या प्लेटलेट पेशी जास्त चिकट होतात, आतली सूज वाढते, आणि ठोक्यांमधला नैसर्गिक लवचिकपणा कमी होतो. त्याशिवाय माझं झालं तसं. गोळ्या चुकतात, चालणं थांबतं, तंबाखू परत येते. हृदयाच्या डॉक्टरांच्या लक्षात येत नाही, कारण थकवा, झोप न लागणं, भूक नसणं ही दुबळ्या हृदयाचीही लक्षणं असतात. तपासणीच्या पाच मिनिटांत “थकवा येतो” म्हटलं की “येणारच” असं उत्तर मिळतं. मला दोनदा मिळालं. मेटोप्रोलॉलच्या जातीच्या गोळ्यांनी नैराश्य येतं असं पूर्वी म्हणायचे, पण पुढच्या अभ्यासांत ते फारसं टिकलं नाही. थकवा मात्र काहींना येतो. तेव्हा शंका आली तर विचारावं, माझ्यासारखा मनाने निर्णय घेऊ नये.

मला सर्ट्रालीन ही नैराश्यावरची गोळी सुरू झाली. हीच का, ते बाईंनी समजावलं. नैराश्याची काही जुनी औषधं हृदयाच्या ठोक्यांना सोसत नाहीत. ही गोळी अटॅकनंतरच्या रुग्णांवर मुद्दाम तपासली गेली आहे, तो अभ्यास २००२ सालचा, आणि त्यात हृदयाला अपाय दिसला नाही. एक काळजी होती. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या जोडीला ही घेतली तर रक्तस्राव थोडा वाढू शकतो. म्हणून अंगावर निळे डाग उठतात का, शौचाला काळं होतं का, याकडे लक्ष द्यायला सांगितलं, आणि माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना स्वतः फोन करून सगळी औषधं सांगितली. तुम्ही मात्र माझं वाचून दुकानातून काही आणू नका.

पहिले दहा दिवस मळमळ. तीन आठवडे काही फरक नाही. हे आधी सांगितलेलं होतं म्हणून टिकलो, नाहीतर ही पट्टीही अर्धी उरली असती. गोळीबरोबर दर आठवड्याला एका समुपदेशक मुलीशी बोलायचं होतं, माझ्या मुलाच्या वयाची असेल. मी तिला म्हणालो, मन लागलं की शॉपला जाईन. ती म्हणाली, “काका, उलटं करून बघू. आधी जायचं. मन लागलं नाही तरी चालेल.” रोज सकाळी दहा ते साडेदहा, एक जॉब, स्वतःच्या हाताने. तिने मुलाला आणि पुतण्यालाही बोलावून घेतलं आणि खुर्ची काढायला लावली. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, “तात्या, आमाला भ्या वाटत हुतं ओ.” इतके दिवस ते सगळे घाबरलेले होते आणि मीही घाबरलेलो होतो, पण एकाच घरात राहून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी मधल्या लेथपाशी थांबलो. पोरं काम करत होती. मी स्क्रू ड्रायव्हर हेडस्टॉकला लावला, मूठ कानाला. पुढचं बेअरिंग खरखरत होतं, अगदी बारीक. पुतण्याला ऐकवलं तर त्याला काही कळेना. मशीन उघडलं. बाहेरच्या रिंगवर तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा पडला होता. त्या रात्री झोपलो तेव्हा मी उशीत ठोका ऐकला की नाही, ते मला आठवत नाही.

सगळं छान झालं असं नाही. जूनमध्ये परत दहा-बारा दिवस वाईट गेले. मावा सोडायला दोनदा अपयश आलं, तिसऱ्यांदा सुटला, अजून तरी सुटलेला आहे. आकडा १७ वरून ६ वर आलाय. आणि एक गोष्ट लपवत नाही. अमेरिकेत सुमारे अडीच हजार हृदयरुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, २००३ सालच्या, बोलण्याच्या उपचाराने मन हलकं झालं पण मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. भाचीने हे वाचून दाखवलं आणि माझ्याकडे भीत भीत बघितलं. मी तिला म्हणालो, किती जगेन ते राहू दे, मी आता रात्री झोपतोय आणि घरात पांढरा रस्सा परत होतोय. माझ्या वाटणीला वाटीभर, वरचा तवंग काढून.

गेल्या महिन्यात हृदयाच्या तपासणीला गेलो होतो. बाकावर शेजारी कागलकडचं एक जोडपं. माणूस साठीचा, फेटा मांडीवर, मनगटावर अँजिओग्राफीची खूण. दीड महिना झाला म्हणाला. मी विचारलं, “झोप लागतीया काय पावणं?” तो म्हणाला, “लागतीया की. सगळं झ्याक हाय.” बायको खाली बघत होती. मी थोड्या वेळाने विचारलं, “ऊस गेला काय औंदाचा?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पोरगं बगतंय. म्या न्हाई जाईत रानात.”

मी त्याला माझं सगळं सांगितलं. रंकाळ्यावर स्कूटर लावून बसायचो ते, पट्ट्यांचं, मॅचचं. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराचा विभाग आहे, पैसे नसले तरी तिथे जाता येतं, हे सांगितलं. आणि टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर सांगितला, सरकारी आहे, फुकट आहे, दिवस-रात्र चालतो, मराठीत बोलतात, डोक्यात मरणाबिरणाचे विचार आले तर रात्री तीनलासुद्धा लावायचा. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. आत त्याचं नाव पुकारलं तसा तो उठून गेला. त्याची बायको मागे राहिली. पिशवीतून तिने फाइल काढली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “दादा, ह्येच्यावर लिवा त्यो नंबर. मोठा लिवा.” मी फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, १४४१६.